खरखरीतून संदेश वेचताना

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर 'चारशे तेहतीसची जोडी द्या' एवढे म्हटले की दुकानदार पुढे काही न विचारता काउंटरवर दोन इवल्या पट्ट्या ठेवतो. ४३३ मेगाहर्ट्झचा एक ट्रान्समीटर, एक रिसीव्हर. दोन्ही मिळून दोनशे रुपयांच्या आत. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातले बिनतारी रोबो, शेतातला पंप दुरून चालू करणारी यंत्रे, पाण्याच्या टाकीची पातळी सांगणारे दिवे अशा कितीतरी प्रोजेक्टांमध्ये ही जोडी बसलेली असते. ती बसवणाऱ्यांपैकी फार थोडे जण एक साधा प्रयोग करून पाहतात: रिसीव्हरला पाच व्होल्ट द्यायचे, ट्रान्समीटर पिशवीतच ठेवायचा आणि रिसीव्हरच्या डेटा पिनेला ऑसिलोस्कोप लावायचा.

कोणीही काही पाठवत नसताना ती पिन गप्प असायला हवी, असे वाटते. ती कधीच गप्प नसते. पडद्यावर शून्य-एक, एक-शून्य अशा आडव्यातिडव्या उड्यांची अखंड रांग लागलेली दिसते. काही उड्या अतिशय अरुंद, काही खऱ्या संदेशातल्या बिटाएवढ्या रुंद. यातली एकही उडी कोणी पाठवलेली नसते. आजच्या व्याख्यानाचा विषय ही रांगच आहे. तिच्यातून खरा संदेश ओळखून काढण्याचे काम मूठभर मेमरीच्या मायक्रोकंट्रोलरवर सोपवले जाते आणि तो ते पार पाडतो. ते कसे, हे येथे पाहायचे आहे.

स्मृतिव्याख्यानाला हा विषय फार किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु एका विज्ञानशिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत तो मुद्दाम निवडला आहे. संदेशवहनशास्त्राचे जवळजवळ सगळे मोठे प्रश्न या दोनशे रुपयांच्या वस्तूत हाताने चाचपून पाहता येतात. महागडा रिसीव्हर हे प्रश्न स्वतःच्या पोटात सोडवून टाकतो आणि विद्यार्थ्याला फक्त उत्तर देतो. स्वस्त रिसीव्हर प्रश्न उघडे ठेवतो.

खरखर येते कुठून, ते आधी पाहू. या रिसीव्हरमधले सर्किट शंभर वर्षांपूर्वीचे आहे. अमेरिकी संशोधक एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९२२ मध्ये 'सुपररिजनरेटिव्ह' रिसीव्हर जगापुढे ठेवला. सुपरहेटेरोडाइन रिसीव्हर आणि पुढे एफएम रेडिओ ही कामेही त्यांचीच. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकेने सुपररिजनरेटिव्हचे हक्क घेताना त्यांना दोन लाख डॉलर आणि कंपनीचे साठ हजार शेअर दिले. सुपरहेटेरोडाइन घराघरांत पोहोचला, त्यामुळे सुपररिजनरेटिव्ह मागे पडला. तरी दुसऱ्या महायुद्धात विमान आपले की शत्रूचे हे ओळखणाऱ्या दोस्तराष्ट्रांच्या यंत्रांत तो होता, आणि आज गेटच्या रिमोटमध्ये आहे. कारण एकच. एकाच व्हॉल्व्हकडून किंवा ट्रान्झिस्टरकडून तो अफाट काम करून घेतो.

ट्रान्झिस्टरने मोठा केलेला सिग्नल थोडासा पुन्हा त्याच्याच इनपुटला दिला, तर झोपाळ्याला योग्य क्षणी हलके धक्के देत राहावे तसा तो वाढत जातो. एका मर्यादेपलीकडे सर्किट स्वतःच डोलू लागते आणि मग बाहेरचा सिग्नल असो वा नसो, त्याला फरक पडत नाही. आर्मस्ट्राँग यांनी ती मर्यादा ओलांडू दिली, पण डोलणे पूर्ण भरात आले की ते थांबवायचे आणि पुन्हा शून्यातून सुरू होऊ द्यायचे, असे चक्र लावले. हे चक्र सेकंदाला हजारो-लाखो वेळा फिरते. प्रत्येक वेळी डोलणे कशाच्या तरी आधाराने सुरू व्हावे लागते. अँटेनातून सिग्नल येत असेल तर ते लवकर भरात येते, नसेल तर उशिरा. लवकर की उशिरा, हा फरक म्हणजेच रिसीव्हरचे ऐकणे.

आणि सिग्नल नसेल तेव्हा डोलण्याला आधार कोणाचा? कॉइलमधल्या इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेने होणाऱ्या धडपडीचा. ही धडपड १९२८ मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या जॉन जॉन्सन यांनी मोजली आणि तिथल्याच हॅरी नायक्विस्ट यांनी तिचे गणित मांडले. तापमान निरपेक्ष शून्याच्या वर आहे तोवर ती टळत नाही. म्हणजे हा रिसीव्हर बिघडलेला असल्यामुळे खरखरतो असे नाही. ज्या युक्तीमुळे तो इतका संवेदनशील आहे, तिच्यातूनच खरखर जन्मते. समोर काही नसेल तेव्हा तो विश्वातला सर्वांत क्षीण आवाज पकडून पूर्ण ताकदीने मोठा करतो.

नायक्विस्ट यांच्या सूत्रात आणखी एक कठोर गोष्ट आहे. उष्णतेची खरखर किती आत येणार हे रिसीव्हर फ्रीक्वेन्सीचा किती रुंद पट्टा ऐकतो यावर ठरते. सेकंदाला दोन हजार बिट पाठवायला दोन-चार किलोहर्ट्झ पुरतात. ही स्वस्त पट्टी मात्र एक मेगाहर्ट्झ किंवा त्याहूनही रुंद पट्टा ऐकते, म्हणजे गरजेच्या शेकडो पट खरखर आत घेते. शेजारच्या घराचे रिमोट, दारावरच्या बिनतारी घंटा, गाडीच्या चाव्या हे सगळे वेगळेच. एक खोडी तर बोर्डावरच असते. युनो नावाचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड १६ मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्या घड्याळाचा २७ वा गुणक येतो ४३२ मेगाहर्ट्झ, रिसीव्हरच्या कानाशीच. म्हणून रिसीव्हर बोर्डाला चिकटवून न बसवता वीतभर तारेने दूर ठेवावा आणि त्याच्या वीजपुरवठ्यावर जवळच एक कपॅसिटर द्यावा. या दोन गोष्टींनी जेवढा फायदा होतो तेवढा पुष्कळदा चार दिवस कोड घासूनही होत नाही.

अँटेनाचेही तसेच. ४३३.९२ मेगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण ६९ सेंटिमीटर, तिचा चौथा भाग १७.३ सेंटिमीटर. तेवढी सरळ तार डाखली की पट्टीला कान फुटतात. (हा ४३३.९२ आकडा विचित्र वाटतो खरा, पण तो उद्योगांसाठी राखलेल्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या बरोबर ३२ पट आहे.) कित्येक प्रोजेक्टांत ही तारच नसते, आणि पल्ला टेबलाच्या पलीकडे जात नाही म्हणून विद्यार्थी महाग मोड्यूलच्या शोधात निघतात.

आता डेटा. पाठवण्याची रीत अगदी आदिम आहे: एक म्हणायचे तर वाहक लहर चालू, शून्य म्हणायचे तर बंद. रिसीव्हरने लहरीची ताकद ओळखली की शेवटी एक तुलना होते. आत्ताची ताकद गेल्या काही क्षणांच्या सरासरीपेक्षा जास्त असेल तर पिन वर, कमी असेल तर खाली. सरासरी एका कपॅसिटरवर साठवलेली असते. ही योजना हुशारीची आहे, कारण ट्रान्समीटर जवळ असो वा लांब, उंबरठा आपोआप त्याच्या ताकदीशी जुळतो. पण तिच्यात दोन अडचणी आहेत. पहिली ही की तुलना करणाऱ्याला 'माहीत नाही' म्हणण्याची सोय नाही. खरखर सरासरीच्या केसभर वर गेली तरी उत्तर पूर्ण पाच व्होल्टांत मिळते. किती खात्रीने मिळाले, ती माहिती तिथेच कायमची गळून जाते. मायक्रोकंट्रोलरच्या हाती येतात ते फक्त निकाल, पुरावा येत नाही.

दुसरी अडचण विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी भेटते. बोर्डाची सिरियल पिन सरळ ट्रान्समीटरला जोडली जाते आणि पलीकडे चार शब्दांऐवजी कचरा उमटतो. सिरियल वाहिनी रिकामी असताना तिची पातळी वर असते. म्हणजे ट्रान्समीटर अखंड चालू राहतो, उंबरठा चढत चढत त्याच्याच उंचीला जातो, आणि मग खरखरीच्या लहानशा हेलकाव्यालाही पिन उड्या मारू लागते. संदेशात लांबलचक शून्ये आली तर उलट घडते आणि उंबरठा घसरून खरखरीत बुडतो. रिसीव्हर अशा वेळी त्याला दिलेले काम बिनचूक करत असतो. चूक पाठवणाऱ्याची असते, कारण त्याने ऐकणाऱ्याचा स्वभाव लक्षात घेतलेला नसतो.

उपाय असा की एक आणि शून्य नेहमी समसमान यावेत अशा रीतीने संदेश लिहायचा. जुनी आणि भक्कम पद्धत मँचेस्टर विद्यापीठातल्या १९४० च्या दशकाअखेरच्या संगणकाच्या कामातून आली. तिच्यात प्रत्येक बिट एका उडीने दाखवला जातो, एक असेल तर एका दिशेची उडी, शून्य असेल तर उलट दिशेची. प्रत्येक बिटाचा अर्धा वेळ वर, अर्धा खाली. सरासरी हलत नाही आणि प्रत्येक बिटाच्या मधोमध घड्याळ लावायला एक उडी हमखास मिळते. किंमत एवढीच की जागा दुप्पट लागते.

ऑस्ट्रेलियातल्या माइक मॅकॉली यांनी २००८ मध्ये या स्वस्त पट्ट्यांसाठी 'व्हर्च्युअलवायर' नावाची लायब्ररी लिहिली. आता तिची जागा त्यांच्याच 'रेडिओहेड' या मोठ्या लायब्ररीने घेतली आहे. व्हर्च्युअलवायरचा कोड काही पानांचा आहे आणि तो वाचणे हा संदेशवहनाचा एक उत्तम अभ्यासक्रम आहे, असे प्रस्तुत वक्त्याचे ठाम मत आहे. वापरतात हजारो, उघडून वाचतात मोजके. म्हणून तिच्याबरोबर थोडे सावकाश चालावे.

मॅकॉली मँचेस्टरऐवजी दुसरी पद्धत घेतात. चार-चार बिटांचे तुकडे पाडून प्रत्येकाच्या जागी सहा बिटांचे चिन्ह पाठवायचे, आणि प्रत्येक चिन्हात तीन एक व तीन शून्ये असलीच पाहिजेत. सहा जागांपैकी तीन निवडण्याच्या रीती २०. लागतात फक्त १६. गणित आरामात बसते, सरासरी मधोमध राहते आणि जागा दुपटीऐवजी दीडपटच लागते.

प्रत्येक संदेशाच्या आधी ३६ बिट नुसते आलटून-पालटून जातात: एक, शून्य, एक, शून्य. त्यांत कोणतीही बातमी नसते. तेवढ्या वेळात पलीकडचा उंबरठा जागेवर येतो आणि पलीकडचे घड्याळ पाठवणाऱ्याच्या तालाला लागते. मग १२ बिटांचे एक ठरलेले सुरुवातीचे चिन्ह, मग लांबी, मजकूर आणि शेवटी १६ बिटांची तपासणी. दहा बाइटांचा मजकूर पाठवायचा तर सगळे धरून २०४ बिट होतात. सेकंदाला दोन हजारांच्या वेगाने हे एक दशांश सेकंदात संपते. त्यातला मूळ मजकूर ८० बिटांचा. उरलेले १२४ बिट केवळ ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी खर्ची पडतात. ही उधळपट्टी नव्हे. खरखरीत ऐकू यायचे तर एवढी किंमत मोजावीच लागते आणि ती आधीच मोजलेली बरी.

रिसीव्हरकडचा भाग अधिक सुंदर आहे. मायक्रोकंट्रोलर प्रत्येक बिटाच्या अवधीत आठ वेळा पिनेकडे पाहतो, म्हणजे सेकंदाला १६,००० वेळा. १६ मेगाहर्ट्झच्या चिपला प्रत्येक नजरेमागे हजार ठोके मिळतात. त्यात सगळे काम उरकावे लागते, आणि मेमरी आहे अवघी दोन किलोबाइट. आठ नजरांपैकी किमान पाच वेळा पिन वर दिसली तर तो बिट एक, नाहीतर शून्य. खरखरीची अरुंद टोके एखाद्या नजरेत सापडली तरी बहुमतापुढे त्यांचे काही चालत नाही.

पण बिट कुठे सुरू होतो हे कसे कळणार? पाठवणाऱ्याचे घड्याळ वेगळे, ऐकणाऱ्याचे वेगळे. मॅकॉली एक मोजणी ठेवतात. प्रत्येक नजरेला तिच्यात २० मिळवायचे आणि ती १६० ला पोहोचली की बिट संपला. खरे तर पिनेवरची उडी दोन बिटांच्या सीमेवर, म्हणजे मोजणी शून्याजवळ असतानाच यायला हवी. उडी आली तेव्हा मोजणी ८० च्या आत असेल तर आपले घड्याळ पुढे गेले आहे. त्या नजरेला २० ऐवजी ११ च मिळवायचे. ८० च्या वर असेल तर घड्याळ मागे पडले आहे, तेव्हा २९ मिळवायचे. बस्स. ना भागाकार, ना दशांश अपूर्णांक, फक्त बेरीज आणि एक तुलना. प्रत्येक उडी घड्याळाला ९ घरे सरकवते, म्हणजे एका बिटाच्या सहा टक्क्यांहूनही कमी. खरखरीची एखादी खोटी उडी आली तर घड्याळ किंचित हलते, उखडत नाही. खऱ्या उड्या मात्र एकाच दिशेने समजूत घालत राहतात, म्हणून सुरुवातीच्या ३६ बिटांत घड्याळ जागेवर बसते. एकेका पुराव्याने थोडेसेच बदलायचे, हा या चार ओळींमागचा विचार. फेज-लॉक्ड लूप नावाने हेच तंत्र मोठमोठ्या रिसीव्हरांत असते. येथे ते दोन किलोबाइटांत मावले आहे.

एवढे होऊनही खरखर संपत नाही. चालू बिटांची रांग सुरुवातीच्या १२ बिटी चिन्हाशी सतत ताडून पाहिली जाते. प्रत्येक बिट शून्य किंवा एक असण्याची शक्यता निम्मी-निम्मी धरली, तर निव्वळ खरखरीत ते चिन्ह योगायोगाने जुळण्याची शक्यता ४०९६ मध्ये एक. सेकंदाला दोन हजार बिट तपासले जात असतील तर दर दोन सेकंदांना एकदा रिसीव्हरला वाटणार की संदेश आला! म्हणून लांबीचा बाइट आला की तो शक्यतेच्या हद्दीत आहे का ते पाहिले जाते आणि नसेल तर तिथेच ऐकणे सोडून दिले जाते. शेवटी सीआरसी ही तपासणी. तिचा पाया डब्ल्यू. वेस्ली पीटरसन यांनी १९६१ मध्ये घातला. १६ बिटांच्या सीआरसीला खोटा संदेश चुकवून जाण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक.

हे पुरेसे वाटते. हिशोब करून पाहावा. दर दोन सेकंदांना एक खोटी सुरुवात आणि प्रत्येक सुरुवात शेवटपर्यंत गेली, तर दर ३६ तासांनी एक खोटा संदेश खरा म्हणून पुढे जाईल. लांबीच्या तपासणीने हा काळ पुष्कळ लांबतो, पण वर्षभर शेतात उभ्या राहणाऱ्या यंत्राला तेवढ्याने निश्चिंत होता येत नाही. म्हणून मजकुरात पाठवणाऱ्याचा क्रमांक असावा, संदेशाचा अनुक्रम असावा, आणि मागच्या मिनिटाला २४ अंश असलेले तापमान आता ७१ दिसले तर त्यावर विश्वास ठेवू नये. दार उघडताना एकामागून एक कड्या काढाव्या लागतात त्याप्रमाणे नव्हे, तर प्रत्येक टप्पा मागच्या टप्प्याच्या उरलेल्या चुका निम्म्या-पाव करत जातो म्हणून हे सगळे लागते. या उद्योगात खरखर कोणी काढून टाकत नाही, काढता येतच नाही. तिच्यावर विश्वास कधी ठेवायचा नाही, एवढेच ठरवता येते. आणि ते ठरवता येते, कारण खरा संदेश कसा दिसेल हे दोन्ही बाजूंना आधीच माहीत असते.

बाजारात मिळणारे रिमोट मात्र मॅकॉलींची लायब्ररी बोलत नाहीत. गेट, पंखे, दिवे यांच्या रिमोटांत ईव्ही-१५२७ सारखी चिप असते. तिचा संदेश २४ बिटांचा, २० कारखान्यात कोरलेले आणि ४ बटणांचे. एक असेल तर तीन मात्रा वर, एक मात्रा खाली. शून्य असेल तर एक वर, तीन खाली. आरंभी एक मात्रा वर आणि ३१ मात्रा खाली. मात्रा किती मायक्रोसेकंदांची हे चिपबाहेरच्या एका रेझिस्टरवर आणि बॅटरीच्या तब्येतीवर ठरते, म्हणून कोडमध्ये '३५० मायक्रोसेकंद' असा आकडा कोरणारा प्रोग्रॅम एका रिमोटवर चालतो आणि दुसऱ्यावर फसतो. आधी त्या लांब पोकळीची लांबी मोजावी, तिला ३१ ने भागून मात्रा काढावी, मग पुढचे बिट तिच्या तुलनेत वाचावेत.

आणखी एक बारकावा. उंबरठा किंचित वर-खाली झाला की स्वस्त रिसीव्हर 'वर' चा काळ ताणतो आणि 'खाली' चा तेवढाच आखडतो, किंवा उलट. दोन्हींची बेरीज मात्र फारशी हलत नाही. चढापासून पुढच्या चढापर्यंतचे अंतर प्रत्येक बिटाला चार मात्रा भरलेच पाहिजे. ही एक कसोटी लावली तरी खरखरीतले बहुतेक तोतये बाहेर पडतात.

हवामानाच्या बिनतारी यंत्रांत वेगळ्याच खुबी आढळतात. ओरेगॉन सायंटिफिक कंपनीचे ट्रान्समीटर सेकंदाला १०२४ बिट पाठवतात, कारण घड्याळातल्या ३२,७६८ हर्ट्झच्या स्फटिकाला ३२ ने भागले की नेमके तेवढेच येतात. त्यांच्या एका जुन्या आवृत्तीत प्रत्येक बिट दोनदा जातो, एकदा उलटा आणि एकदा सुलटा. जोडी विरुद्ध नसेल तर तिथेच चूक पकडली जाते. एकाच घरात तीन ट्रान्समीटर असतील तर त्यांनी एकमेकांच्या बोलण्यावर बोलू नये म्हणून त्यांची पाळी ३९, ४१ आणि ४३ सेकंदांची ठेवलेली असते. या आकड्यांना सामाईक विभाजक नाही. पहिल्या दोघांची एकदा टक्कर झाली तर पुढची १५९९ सेकंदांनी, म्हणजे साडेसव्वीस मिनिटांनंतर. स्वस्त वस्तू करणाऱ्यांनी इतका विचार केलेला पाहून मन भरून येते.

आपल्याकडच्या प्रोजेक्टांत वर्षानुवर्षे चालत आलेली जोडी म्हणजे होल्टेकच्या एचटी-१२ई आणि एचटी-१२डी या चिपा. आठ बिट पत्त्याचे, चार डेटाचे. डीकोडर सलग तीन वेळा तोच संदेश आल्याशिवाय पाय हलवत नाही. रोबोच्या मोटरला चुकून धक्का बसू नये यासाठी हे योग्यच आहे. पण पल्ल्याच्या टोकाशी काय होते ते पाहावे. समजा दहांतला एक बिट चुकतो. बारा बिटांचा एक संदेश अखंड पोहोचण्याची शक्यता शंभरात २८. तीन सलग संदेश अखंड पोहोचण्याची शक्यता शंभरात दोनच. आता तेच तीन संदेश घेऊन प्रत्येक बिटाला बहुमत लावले, तर चुकीचे प्रमाण दहा टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर येते आणि संदेश पोहोचण्याची शक्यता होते शंभरात ७१. पाच वेळा पाठवून बहुमत घेतले तर ९०. रेडिओ तोच, अँटेना तीच, बॅटरी तीच. बदलले ते ऐकल्यानंतर काय करायचे एवढेच. तयार डीकोडर चिप हे करू देत नाही, मायक्रोकंट्रोलर करू देतो. म्हणून आपल्या महाविद्यालयांनी आता ही चिपांची जोडी बाजूला ठेवावी आणि डीकोडिंग विद्यार्थ्यांच्या हातून करून घ्यावे.

पुनरावृत्तीतून क्षीण सिग्नल उचलण्याचे याहून भव्य काम महाराष्ट्रातच चालते. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर कित्येक किलोमीटर पसरलेल्या. पल्सार ताऱ्याचा एकेक स्पंद पुष्कळदा खरखरीत पूर्ण बुडालेला असतो. पण त्याचा ताल अचूक माहीत असेल तर हजारो स्पंद एकमेकांवर रचता येतात. दहा हजार स्पंद रचले की सिग्नल दहा हजार पट वाढतो आणि खरखर फक्त शंभर पट, कारण ती दर वेळी वेगळ्या दिशेला ओढते. ३० अँटेनांच्या जोड्या होतात ४३५, आणि प्रत्येक जोडीचा सिग्नल एकमेकींशी ताडून पाहिला जातो. दोन्हींत सारखे असेल ते आकाशातले, एकीतच असेल ते बहुतेक तिचे स्वतःचे.

नूतनीकरणानंतर या दुर्बिणीचा एक पट्टा २५० ते ५०० मेगाहर्ट्झ असा आहे. आपल्या रिमोटांचे ४३३.९२ त्याच्या पोटातच येते. पृथ्वीवरचा गोंगाट, विशेषतः विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचा, छाटण्यासाठी तिथे जी यंत्रणा बसवली आहे ती सरासरीऐवजी मध्यकावर आधारलेली आहे. एखादे प्रचंड टोक आले की सरासरी त्याच्याकडे ओढली जाते, मध्यक जागचा हलत नाही. दोनशे रुपयांच्या पट्टीतला कपॅसिटर सरासरीच साठवतो, म्हणून शेजारी मिक्सर सुरू झाला की ती बावचळते. मायक्रोकंट्रोलरमध्ये लागोपाठच्या तीन उड्यांच्या लांबीचा मध्यक घेण्याइतका छोटा बदलसुद्धा अशा वेळी उपयोगी पडतो.

जाता जाता एक सावधगिरी. डीकोड करता येते म्हणजे नक्कलही करता येते. ईव्ही-१५२७ च्या २० बिटांत दहा लाखांहून थोडे अधिक क्रमांक बसतात, पण मोजायची गरजच नाही. एकदा ऐकलेला क्रमांक जसाच्या तसा पुन्हा पाठवला की गेट उघडते. सीआरसी संदेश अखंड आहे का ते सांगते, कोणी पाठवला ते सांगत नाही. दर वेळी बदलणाऱ्या क्रमांकांची 'कीलॉक' पद्धत यासाठी आली. २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुम येथील संशोधकांनी चिपच्या वीजवापरातले बारीक चढउतार मोजून तिचीही किल्ली काढून दाखवली. सोसायटीच्या फाटकाचा रिमोट कोणत्या जातीचा आहे हे विचारण्याचा अधिकार रहिवाशांनी वापरावा.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी एवढे सामान पुरे: दोन जोड्या, एक युनो, १७.३ सेंटिमीटरच्या तारा आणि एक जुना रिमोट. ट्रान्समीटर बंद ठेवून दहा हजार उड्यांच्या लांबी मायक्रोसेकंदांत नोंदवाव्या आणि त्यांचा आलेख काढावा. खरखरीचा उतरता ढीग दिसेल. मग रिमोटचे बटण दाबून धरावे. त्याच ढिगातून एक मात्रा आणि तीन मात्रांशी दोन टोकदार उंचवटे वर येतील. रिमोट घेऊन जिना उतरत जावे आणि मजल्यामजल्याला किती बिट चुकतात ते मोजावे. ते प्रमाण दहांत एकाच्या आसपास येईल त्या पायरीवर थांबून बहुमताचा हिशोब पडताळावा: संदेशातले बारा बिट धरले तर तीन संदेशांना शंभरात ७१, पाचांना ९०. प्रत्यक्षात आकडे यापेक्षा कमी भरले, तर चुका एकेकट्या न येता झुंडीने येत आहेत. मग पुढच्या तासाला एकाच संदेशाचे बिट विस्कटून, वेगवेगळ्या वेळी पाठवून पाहावेत.